पूर आला की नक्की साहेब कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आपत्ती व्यवस्थापनाबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून ढीग आला. बरेचसे एकाच वळणाचे आहेत म्हणून सहा निवडलेत. मी बरीच वर्षं जिल्हा पातळीवर याच कामात घालवली, नियंत्रण कक्षात पावसाळ्याच्या रात्री काढल्या, त्यामुळे उत्तरं पुस्तकातली कमी आणि टेबलावरची जास्त असतील.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्याकडे एनडीआरएफ आली, आर्मी आली, पाटबंधारेवाले, पोलीस, झेडपीवाले, पुढारी, संस्था सगळे आले. पण कुणाला काय विचारायचं तेच कळेना. एकजण म्हणे बोट तिकडे पाठवलीय, दुसरा म्हणे मला माहीत नाही. अशा वेळी सगळ्यांचा प्रमुख नक्की कोण असतो?
(वाचक, पलूस तालुका, जि. सांगली)

काका, कायद्यानं उत्तर अगदी सरळ आहे. कलेक्टर. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा, त्यात तीन मजले केलेत. देशाचं प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष पंतप्रधान. राज्याचं प्राधिकरण, अध्यक्ष मुख्यमंत्री. आणि जिल्ह्याचं प्राधिकरण, अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत सहअध्यक्ष म्हणून झेडपीचे अध्यक्ष. जिल्ह्यात आपत्ती आली की कलेक्टर कुणाचीही बोट, ट्रक, जेसीबी, मंगल कार्यालय ताब्यात घेऊ शकतात, रस्ता बंद करू शकतात, गाव हलवू शकतात. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या बचाव दलाची टीम आली तरी ती काम जिल्हा प्रशासनाच्या सांगण्यावरून करते. आर्मीसुद्धा मुलकी प्रशासनानं मागणी केल्यावर मदतीला येते, कारभार हातात घ्यायला येत नाही.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाहीये हे मला कळतंय. कागदावर प्रमुख एक असला तरी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही. याचं कारण असं की प्रत्येक खातं आपल्या साहेबाला फोन करतं, पाटबंधारेवाला आपल्या अधीक्षक अभियंत्याला, पोलीस एसपींना, आरोग्यवाले जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि हे सगळे साहेब एका खोलीत बसलेले नसतील तर एकच बोट दोन गावांना कबूल होते आणि तिसऱ्या गावाला कुणीच जात नाही. यावर उपाय म्हणून एनडीएमएनं, म्हणजे वर सांगितलेल्या देशाच्या प्राधिकरणानं, २०१० मध्ये एक पद्धत आखून दिली, तिला इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम म्हणतात, म्हणजे आपत्तीच्या दिवशी खात्याची उतरंड बाजूला ठेवायची आणि कामाप्रमाणे माणसं नेमायची, एकानं फक्त बचाव बघायचा, एकानं फक्त सामान आणि वाहनं, एकानं फक्त माहिती गोळा करायची. चांगली पद्धत आहे, मनापासून सांगतो. पण ती आधी कधी वापरूनच बघितली नसेल तर पुराच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

मला इतक्या वर्षांत एकच गोष्ट पक्की कळलीय, ती आताच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं वाचायला सोपं जाईल. समन्वय हा आपत्तीच्या दिवशी करायचा प्रकारच नाहीये. त्या दिवशी फक्त आधी ठरलेलं पार पडतं, आणि काही ठरलेलं नसेल तर नुसता गोंधळ पार पडतो.

तुमच्याच नदीचं घ्या ना. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आता धरणावरचा माणूस बोलतो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय त्यात, पुलावरचा मोजणारा बोलतो फुटात, आणि घरातल्या बाईला हवं असतं एवढंच की आमच्या गल्लीत पाणी कधी येणार, म्हशी आत्ता सोडायच्या का सकाळी. क्युसेकवरून फूट आणि फुटावरून गल्ली हा हिशोब कुणीतरी कोरड्या दिवसात बसून करून ठेवायला लागतो. किती फुटाला कुठला भाग जातो याच्या याद्या आता तुमच्याकडे झाल्यात आणि मला विचाराल तर दहा रबरी बोटींपेक्षा त्या यादीची किंमत जास्त आहे. बोटीवरून आठवलं, ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जी नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला ती गावातलीच नाव होती, माणसं क्षमतेपेक्षा जास्त बसलेली होती. लोक घाबरलेले, पाणी वाढतंय, पुढची खेप होईल का नाही याचा भरवसा नाही, मग बसणारच की सगळे. पुढची खेप नक्की आहे हे माहीत असतं तर निम्मे काठावर थांबले असते.

आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टीचं. धरण कर्नाटकात, पूर आपल्याकडे. तिथं पाणी अडवल्यानं इकडे फुगवटा येतो असे २०१९ नंतर भरपूर आरोप झाले. जून २०२१ मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले आणि पाऊस, पाणीपातळी, विसर्ग याची माहिती दोन्ही राज्यांनी एकमेकांना वेळच्या वेळी द्यायची असं बोलणं झालं. राष्ट्रीय समन्वय म्हणतात तो हाच, दोन राज्यांच्या इंजिनिअरांकडे एकमेकांचे नंबर असणं आणि ते रात्री दोन वाजता उचलले जाणं.

प्रश्न : सर, एमपीएससी करतोय. एनडीएमए, एनडीआरएफ, एनआयडीएम, एनसीएमसी यात कायम गोंधळ होतो. थोडक्यात सांगाल का?
(विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

मित्रा, थोडक्यातच सांगतो. एनडीएमए धोरण आणि मार्गदर्शक सूचना ठरवते. एनडीआरएफ हे प्रत्यक्ष उतरणारं दल, २००६ मध्ये ८ बटालियन होत्या, आता १६ आहेत, आपल्या जवळची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. एनआयडीएम प्रशिक्षण आणि अभ्यास बघते. एनसीएमसी म्हणजे कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखालची समिती, मोठं चक्रीवादळ वगैरे येत असलं की हवामान खातं, रेल्वे, टेलिकॉम, वीज, संरक्षण सगळ्यांना एका टेबलावर आणते. आधी ही समिती नुसत्या सरकारी आदेशावर चालायची, २०२५ च्या दुरुस्तीनं तिला कायद्यात जागा मिळाली. त्याच दुरुस्तीनं राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरं यांच्यासाठी वेगळं शहरी प्राधिकरण करायची सोय झालीय, हे परीक्षेला येऊ शकतं. आणि एसडीआरएफ दोन आहेत, एक निधी आणि एक दल. आपल्या राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. पेपरात वाक्य नीट वाच.

इतिहासाचाही एक प्रश्न पडतो म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी, ऑक्टोबर १९९९ चं ओडिशाचं सुपर सायक्लोन, २६ जानेवारी २००१ चा भूज, २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी, या चार धक्क्यांनंतर कायदा आला. भूजपर्यंत आपत्ती हा विषय केंद्रात कृषी खात्याकडे असायचा कारण आपत्ती म्हणजे दुष्काळ अशीच समजूत होती. भूजनंतर तो गृह खात्याकडे गेला. भूजनंतर वाजपेयींनी जी सर्वपक्षीय राष्ट्रीय समिती केली तिचं उपाध्यक्षपद शरद पवारांकडे होतं, किल्लारीच्या वेळी ते मुख्यमंत्री होते म्हणून. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, तेवढ्या प्रमाणावरचं पुनर्वसनाचं काम देशानं तोपर्यंत फारसं बघितलं नव्हतं.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. दरवर्षी जूनमध्ये ग्रामपंचायतीची नोटीस येते की तुमचं घर दरडप्रवण क्षेत्रात आहे, सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हा. सुरक्षित स्थळ कुठलं ते नोटिशीत नसतं. आम्ही जायचं कुठं? आणि नोटीस दिली म्हणजे सरकारची जबाबदारी संपली का?
(वाचक भगिनी, महाड तालुका, जि. रायगड)

ताई, नाही, संपत नाही. नोटीस देऊन हात झटकणं हा सगळ्यात वाईट प्रकार आहे आणि तुमचा राग अगदी रास्त आहे. कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचं काम नुसतं कळवणं नाहीये, निवारा, अन्न, पाणी, आरोग्य याची आधी तयारी ठेवणं हेही आहे. जागेचं नाव नसलेली नोटीस ही अर्धीच नोटीस.

तुमच्या तालुक्यानं २२ जुलै २०२१ ला तळीये बघितलंय, ८० हून जास्त माणसं गेली. खाली महाड शहर पाण्यात होतं, रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते, त्यामुळे डोंगर खाली आलाय हे कळूनही मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण. तिथं तर गाव गाडलं गेलंय हे बाहेर कळलं ते सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे, तो नेहमीच्या रस्त्यानं आला आणि समोर गावच नव्हतं. १५१ माणसं गेली. कुठलाही सॅटेलाइट नाही, कुठलाही कंट्रोल रूम नाही, रोज त्याच वेळेला जाणारा एक माणूस होता म्हणून कळलं. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी, २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वर चढायला पायवाटच, त्यामुळे जेसीबी नेता आला नाही, जवानांनी आणि आसपासच्या ट्रेकर पोरांनी फावड्यांनी खणलं.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती हे सरकारनं विधिमंडळात सांगितलं होतं. लोक म्हणाले यादीच चुकीची. मी थोडं वेगळं सांगतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशभराचे दरडीचे नकाशे आहेत ते १:५०,००० या प्रमाणाचे आहेत, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी येते. हा नकाशा तुम्हाला सांगतो की हा डोंगर धोक्याचा आहे, तुमच्या घरामागचा उतार सुटायला आलाय हे तो सांगू शकत नाही. ते सांगायला भूवैज्ञानिकानं प्रत्यक्ष येऊन उतार चढावा लागतो आणि मधल्या काळात नजर ठेवायला वाडीतलीच माणसं लागतात.

म्हणून तुम्ही काय बघायचं ते सांगतो. घरामागच्या जमिनीला नवी भेग पडली, किंवा जुनी रुंदावली. झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, किंवा झरा अचानक आटला, किंवा नको तिथं फुटला. झाडं, विजेचे खांब कलले. दारं-खिडक्या लागेनाशा झाल्या, जोत्याला तडा गेला. यातलं काहीही जोराच्या पावसात दिसलं तर नोटिशीची वाट बघू नका, त्याच घटकेला बाहेर पडा, रात्र असली तरी. १०७७ वर फोन करा, हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर आहे, पण निघाल्यानंतर करा.

आणि जायचं कुठं याचं उत्तर पंचायतीकडून लेखी घ्या. ग्रामसभेत ठराव करून घ्या की अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री अमुक शाळा उघडी राहील, किल्ली अमक्याकडे, संडासात पाणी असेल, जनरेटर किंवा निदान दिवे असतील, आणि गुरांची सोय अमुक ठिकाणी. गुरांचं मुद्दाम लिहिलंय. बाया-माणसं घर सोडत नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा गोठ्यात बांधलेलं असतं आणि अधिकाऱ्यांना ते अडाणीपणा वाटतं. तो अडाणीपणा नाहीये, त्या म्हशीवर घर चालतं. कायमच्या पुनर्वसनाची मागणी वेगळी चालू ठेवा, ती सोडू नका, पण त्याला वर्षं लागतात आणि पाऊस दर जूनला येतो.

प्रश्न : ओडिशाला जमतं ते आपल्याला का जमत नाही? ते तर आपल्यापेक्षा गरीब राज्य.
(वाचक, डोंबिवली)

हा प्रश्न मला फार आवडला. १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये ओडिशात सरकारी हिशोबानंच दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नाशीच्याही आत राहिला, आणि मे २०१९ च्या फनीच्या वेळी साधारण १२ लाख लोक हलवले, मृत्यू ६४. वादळं कमजोर नव्हती, फनी तर पुरीवर सरळ येऊन आदळलं होतं.

मधल्या काळात त्यांनी काय केलं? १९९९ संपायच्या आत, म्हणजे देशाच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी, स्वतःचं प्राधिकरण काढलं. किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे बांधले, खांबांवर उभे, आणि एरवी त्यात शाळा भरते. हे शाळेचं फार महत्त्वाचं आहे, कारण रोज वापरात असलेली इमारत पडीक होत नाही, पोरांना तिथला रस्ता पाठ असतो, दार कुठं आहे, पाणी कुठं आहे सगळं माहीत. प्रत्येक निवाऱ्याला गावातलीच समिती, त्यात कोण भोंगा फिरवणार, कोण म्हाताऱ्यांना आणणार, कोण प्रथमोपचार करणार हे नावानिशी ठरलेलं. मॉक ड्रिल ठरलेल्या वेळेला होतं आणि ते फोटोसाठी नसतं. स्वतःचं बचाव दलही त्यांनी एनडीआरएफच्या आधी उभं केलं.

आता आपली बाजू. चक्रीवादळ चार-पाच दिवस आधी दिसतं, ते कुठं जाईल याचा हवामान खात्याचा अंदाजही आता बराच अचूक असतो. आपल्याकडचे जीव जास्त जातात ते दरडीत, अचानक पुरात, विजेत, तिथं हाताशी काही तास असतात, कधी तेही नाही. त्यामुळे ओडिशाचं जसंच्या तसं उचलून चालणार नाही. पण जिथं वादळ होतं तिथं आपणही केलंय की. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, ऐन कोविडमध्ये, रायगड-रत्नागिरीत हजारो लोक आधी हलवले म्हणून माणसं वाचली, घरं आणि बागा मात्र गेल्या. आपल्याला जमत नाही असं मी म्हणणार नाही. आपल्याला सातत्य जमत नाही. चांगला कलेक्टर आला की जिल्हा जागा होतो, त्याची बदली झाली की फाइल परत कपाटात. ओडिशात ते माणसावर अवलंबून ठेवलं नाही, हा फरक.

प्रश्न : एवढी मोठी आपत्ती येऊनही केंद्र 'राष्ट्रीय आपत्ती' का जाहीर करत नाही? पैसे मिळू नयेत म्हणूनच ना?
(वाचक, परभणी)

दादा, दर पुरानंतर सगळ्या पक्षांचे नेते ही मागणी करतात, जे विरोधात असतील ते. पण कायद्यात राष्ट्रीय आपत्ती जाहीर करायची तरतूदच नाहीये. आपत्ती 'गंभीर स्वरूपाची' ठरवली जाते आणि राज्याचा निधी पुरत नसेल तर राष्ट्रीय निधीतून भर घातली जाते, केंद्राचं पथक येऊन पाहणी करतं मग. पहिला पैसा राज्याच्या प्रतिसाद निधीतून येतो, तो आधीच भरलेला असतो, आपल्यासारख्या राज्यात त्यात ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे.

खरं भांडायचं असेल तर दुसरीकडे भांडा असं मी म्हणेन. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी सगळ्या राज्यांच्या आपत्ती निधीला मिळून १ लाख ६० हजार कोटींच्या वर रक्कम धरली. त्यातले ८० टक्के आपत्ती आल्यावरचे आणि २० टक्के ती कमी व्हावी यासाठीचे, म्हणजे उतार बांधून घेणं, नाले मोकळे करणं, वीज अटकाव यंत्रणा वगैरे. हा सौम्यीकरणाचा निधी कायद्यात २००५ पासून लिहिलेला होता, देशपातळीवर प्रत्यक्षात आला २०२१ ला. मधे २०१६ मध्ये दुष्काळाच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं यावरून केंद्राला खडसावलं होतं. आपल्या जिल्ह्याला त्या २० टक्क्यांतलं काय आलं आणि कशावर खर्च झालं हा प्रश्न आमदारांना, कलेक्टरांना विचारा, माहिती अधिकारात विचारा. नुकसानभरपाईचे पंचनामे सगळे विचारतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तिकडे कुणाचं लक्षही नसतं.

अजून एक. त्या आयोगाच्या काळात केंद्राच्या यादीत वीज पडणं आणि उष्णतेची लाट नव्हती. तुमच्या मराठवाड्यात शेतात वीज पडून दरवर्षी माणसं जातात. आपल्या राज्यानं वीज आणि अवकाळी पाऊस स्वतःच्या अधिकारात आपत्ती धरलेत त्यामुळे वारसांना मदत मिळते, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा कागद मात्र सांभाळून ठेवा. आणि फोनमध्ये 'दामिनी' ॲप टाका, पुण्याच्या आयआयटीएमनं केलंय, फुकट आहे.

प्रश्न : मी यंदाच सरपंच झाले. नदीकाठचं छोटं गाव आहे. वरून आराखडा भरून द्या म्हणून फॉर्म आलाय, ग्रामसेवक म्हणतात गेल्या वर्षीचाच तारीख बदलून देऊ. मी खरंच काय करायला पाहिजे? पैसे फार नाहीत.
(सरपंच, जि. कोल्हापूर)

सरपंचताई, तारीख बदलून देऊ नका, एवढी विनंती आहे. एकदा पुराच्या रात्री आम्ही एका गावाच्या आराखड्यातला संपर्क क्रमांक लावला तर तो दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या तलाठ्याचा निघाला, तो बिचारा दुसऱ्या जिल्ह्यात झोपेत होता. तेवढ्यात अर्धा तास गेला. देशाचा आराखडा कितीही जाडजूड असू दे, तो शेवटी येऊन थांबतो तुमच्या त्या फॉर्मवर.

पैसे कमी लागतात, बसून करायचं काम आहे. मे महिन्यात चार संध्याकाळी वाड्यावाड्यांवर बसा. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, जुलै-ऑगस्टमध्ये बाळंत होणाऱ्या बाया किती, एकटे राहणारे म्हातारे कोण, ही नावं आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असतात, त्यांना बोलवा आणि त्यांनाच लिहू द्या. प्रत्येक नावापुढं त्याला उचलून आणणाऱ्या दोन पोरांची नावं लिहा, एकाचं नको, तो नेमका त्या दिवशी कोल्हापूरला गेलेला असतो. पोहता येणारे कोण, ट्रॅक्टर कुणाचा, नाव कुणाची आणि तिच्यात किती माणसं बसतात हे नावेवरच रंगानं लिहून टाका, लाइफ जॅकेटं पंचायतीच्या पैशातून घ्या आणि जेवढी जॅकेटं तेवढीच माणसं. वीज गेली की व्हॉट्सॲप ग्रुप मरतो, मोबाइलचा टॉवरही बॅटरी संपली की जातो, तेव्हा देवळाचा आणि मशिदीचा भोंगा कशावर चालेल ते बघून ठेवा, नाहीतर दवंडी आहेच. मागच्या पुराची पातळी शाळेच्या भिंतीवर रंगवा. आपदा मित्र म्हणून ट्रेनिंग झालेली पोरं तुमच्या तालुक्यात असतील, तहसीलदारांकडे यादी मागा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा खरोखर भोंगा वाजवून लोकांना शाळेत आणून बघा, चहा पाजा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. पहिल्यांदा हसतील, येऊ द्या हसायला. मग तो भरलेला फॉर्म आणि यादी तहसील कार्यालयात द्या, एक प्रत पोलीस पाटलांना आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तहसीलच्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्यायला विसरू नका.